गोरे तात्या

वय पासष्टीच्या पुढं. डोक्यावर कापडी टोपी, ती उडू नये म्हणून हनुवटीखाली दोरी. पाठीवर सॅक, पायात लेसचे जाड बूट आणि फेब्रुवारीच्या उन्हातही त्या बुटांत पायमोजे. शेजारी त्याच रंगाची टोपी घातलेली बायको. दोघांच्या हातात आपापली पाण्याची बाटली. असं जोडपं बारामतीच्या भिगवण चौकात रस्ता ओलांडायला उभं दिसलं की ओळखावं, सेवाभावी पाहुणे आले. ते गाड्या थांबायची वाट बघत असतात. गाड्या थांबत नाहीत. उसाच्या दोन ट्रेलरी ओढत एक ट्रॅक्टर जातो, त्याच्यामागं दुसरा, मधल्या फटीतून बुलेट. शेवटी कॉलेजला निघालेली एखादी मुलगी म्हाताऱ्याचं मनगट धरते, दुसरा हात ट्रॅक्टरवाल्याला दाखवते आणि दोघांनाही पलीकडं नेऊन सोडते. हजारो मैलांवरून माणसं आमची सेवा करायला येतात, आणि उतरल्यावर तासाभरात सेवा सुरू होते ती या पद्धतीनं.

पाहुण्याला खरं नाव असतं. ते अवघडही नसतं. तो पहिल्याच दिवशी हात जोडून सांगतो, मला नुसतं नावानं हाक मारा. समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "बरं तात्या." पिकल्या केसांच्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायला आमची जीभ वळत नाही. गल्लीत आधीच दोन तात्या असतात, म्हणून हे गोरे तात्या. पुढं लग्नसराईत 'श्री. व सौ. गोरे' अशी पत्रिका येते आणि लग्नाच्या मांडवात कुणीतरी घरमालकाला बाजूला घेऊन विचारतं, "गोरे म्हणजे कोकणातले का वाईकडचे?"

आता एक खुलासा. हा तात्या म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. बारामती-इंदापूरकडं येऊन गेलेले, पाहिलेले, ऐकलेले असे सगळे एकात कालवून तो केलेला आहे. त्यातूनही कुणी स्वतःला ओळखलंच, तर त्याला आमचा नाइलाज आहे.

ही जमात आमच्याकडं नवी नाही. एकोणिसाव्या शतकातच स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मंडळींनी पुण्याबरोबर इंदापूरलाही आपलं ठाणं केलं होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ ख्राइस्टचं मिशन बारामतीत आलं. त्या वेळी बारामतीला रेल्वेसुद्धा नव्हती. दौंडहून येणारी छोटी गाडी सुरू झाली १९१४ मध्ये. तोवर बैलगाडी, धूळ आणि पोटात गेलेलं कुठलंही पाणी. ही माणसं तरुणपणी आली, शाळा काढल्या, दौंडला दवाखाना चालवला आणि इथंच म्हातारी झाली. मराठी आल्याशिवाय त्यांची सुटका नव्हती. पंडित ठेवायचा, धडे गिरवायचे, मिशनची भाषेची परीक्षा द्यायची. त्यांच्याही तीनशे वर्षं आधीच्या एका पूर्वजानं तर कमालच करून ठेवली होती. फादर स्टीफन्स हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१६ मध्ये त्याचं 'क्रिस्तपुराण' छापून निघालं, तेही ओवीत. आमच्या बारामतीत मोरोपंत आर्या रचत बसले ते त्यानंतर दीडएकशे वर्षांनी. त्यांना निदान भाषा घरची होती.

आजचा तात्या म्हातारा होऊन येतो, हा मोठा फरक. आयुष्यभर त्यानं दुसरंच काहीतरी केलेलं असतं. दातांचा दवाखाना, गाईंचा गोठा, बँकेतली नोकरी, शाळेतलं गणित. मुलं मार्गी लागली, घराचं कर्ज फिटलं, गुडघा एकच बदलला आहे, तेव्हा आता जगाचं काहीतरी करावं, असं त्या दोघांना एका रविवारी वाटतं. त्यांच्याकडं याची रीतसर सोय आहे. नेदरलँड्समध्ये १९७८ पासून पीयूएम नावाची संस्था आहे. आपापल्या धंद्यात मुरलेल्या, बहुतेक निवृत्त माणसांना ती बिनपगारी सल्ला द्यायला जगभर पाठवते. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चमध्ये तर निवृत्त जोडप्यांनी स्वतःच्या खर्चानं कित्येक महिने परदेशी सेवेला जायची रीतच आहे. आमच्या बारामतीला कृषी विज्ञान केंद्र आहे, भाजीपाल्याचं इंडो-डच केंद्र आहे, एमआयडीसीत इटालियन स्कूटरवाले आणि इटालियन चॉकलेटवाले आहेत. त्यामुळं गोरा माणूस दिसला म्हणून आता कुणी दुकान सोडून बाहेर येत नाही. पगार घेणारा गोरा आम्हाला कळतो. पगार न घेणारा कळत नाही.

हे पहिल्यांदा कळतं ते कागदपत्रांच्या वेळी. परदेशी माणूस घरात उतरला की घरमालकानं चोवीस तासांच्या आत त्याच्या नोंदीचा फॉर्म भरायचा असतो. मालकाचा पुतण्या मोबाईलवर फॉर्म भरायला बसतो, तात्या पासपोर्ट छातीशी धरून शेजारी. पुढं कधीतरी चौकशीला आलेला हवालदार चहा घेतो, बिस्कीट बुडवतो आणि मुद्द्याला हात घालतो.

"कशासाठी आलेत?"

"सेवेला," पुतण्या सांगतो.

"म्हणजे नोकरी."

"नाय, नोकरी नाय. फुकट."

"जेवण?"

"स्वतःच्या पैशानं."

"तिकीट?"

"तेपण."

हवालदार बिस्कीट बशीत ठेवतो. तीस वर्षांच्या नोकरीत त्यानं नाना तऱ्हेचे लोक पाहिलेले असतात, पण स्वतःच्या पैशानं विमानात बसून इंदापूर तालुक्यातल्या गाईंची काळजी करायला आलेला माणूस त्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. जाताना तो पुतण्याला हळूच सांगतो, "लक्ष ठेवा. तब्येतीकडं."

दुसरी शंका चौकातली. धर्म बदलायला तर आले नाहीत ना? ही शंका आम्ही उघड विचारत नाही. दोनचार दिवस नुसते बघतो. तात्या रविवारी प्रार्थनेला जातो, जेवणापूर्वी डोळे मिटतो, बाकी काही बोलत नाही. इकडं त्याच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या बाबतीत मात्र वेगळंच घडत असतं. शेजारच्या वहिनी त्यांना संक्रांतीला वाण देतात, मार्गशीर्षातल्या गुरुवारी हळदीकुंकवाला बसवतात, बांगड्या भरतात, एकादशीला साबुदाण्याची खिचडी खायला घालतात. खिचडी काकूंना इतकी आवडते की पुढची एकादशी कधी, हे त्या आधीपासून विचारायला लागतात. चौकातल्या शंकेखोरांचं मग समाधान होतं. आपल्या बायका कामाला लागलेल्या आहेत, काळजी नाही.

पाण्याचं प्रकरण सगळ्यांत नाजूक. तात्याला निघताना एक छापील यादी मिळालेली असते. उघड्यावरचं पाणी पिऊ नये, कापलेलं फळ खाऊ नये, बर्फ टाळावा, सालीची फळं स्वतः सोलून खावीत. पहिल्याच घरी तांब्या-फुलपात्र पुढं येतं. तात्या हसून आपली बाटली वर करून दाखवतो. घरात शांतता पसरते. आजी आतून विचारतात, "आपल्या घरचं पाणी चालत नाय का त्यांना?" या प्रश्नाच्या पोटात आमचा सगळा जुना इतिहास आहे, आणि तो बिचाऱ्याला ठाऊक नाही. त्याला फक्त जंतू ठाऊक आहेत. मग मालक वाटीभर डाळिंबाचे दाणे आणतात, सोललेले, सुनेनं मघाशीच हातानं काढलेले. डाळिंब इंदापूरचं, झाडावरून सकाळी उतरवलेलं. तात्या यादी आठवतो, आजींकडं बघतो, पुन्हा यादी आठवतो आणि चमचा उचलतो. त्या रात्री त्याच्या पोटात काय होतं हे सांगायची गरज नाही. पण दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सात घरांतून ताक, भाताची पेज, जायफळ उगाळलेलं चाटण आणि एक अंगारा येतो. काकू सगळं टेबलावर ओळीनं मांडतात आणि फोटो काढून मुलीला पाठवतात.

यानंतर येते खुर्ची. प्लॅस्टिकची, लाल, हाताची. तात्या कुठंही गेला की घरातला मुलगा धावत जाऊन खुर्ची आणतो, खांद्यावरच्या टॉवेलनं झटकतो आणि मधोमध ठेवतो. बाकी सगळे सतरंजीवर. तात्याला त्यांच्यात बसायचं असतं. तो तसा खाली बसायला जातो, अर्ध्यावर गुडघा अडतो, चार जण त्याला काखेत धरून वर उचलतात आणि खुर्चीत स्थानापन्न करतात. मग त्या उंचीवरून तो गोरगरिबांशी समानतेनं बोलतो. माझं मत असं, की तात्याच्या सेवेतला खरा अडथळा भाषा नव्हे, हवामान नव्हे, ही खुर्ची. खुर्चीत बसलेल्या माणसाला आमच्याकडं कुणी झाडू देत नाही, खोरं देत नाही, भांडं विसळू देत नाही. त्याला देतात फक्त चहा.

आणि खुर्चीत बसलेला माणूस आम्हाला दिसला की आमच्यातला सत्कार जागा होतो. आधी शाळेचं स्नेहसंमेलन, मग पतसंस्थेचा वर्धापनदिन, मग कबड्डीच्या सामन्यांचं उद्घाटन. प्रत्येक ठिकाणी शाल, श्रीफळ आणि फेटा. फेटा बांधणारा तात्याची मान हळुवार सरळ करतो, आणि डोक्यावर सात-आठ मीटर कापड आल्यावर तात्या असा काही दिसतो की काकूंना प्रथम हसू येतं, मग थोडा अभिमान वाटतो. थंडी जेमतेम दोन महिन्यांची, आणि कपाटात शालींची चळत. नारळांचं करायचं काय, हा प्रश्न दोघं रात्री जेवताना गंभीरपणे चर्चेला घेतात. त्यांना वाटतं, हे लोकांचे पैसे खर्च होताहेत, थांबवायला हवं. तसं एका अध्यक्षांना त्यांनी सुचवूनही पाहिलं. अध्यक्ष भारावले. या साधेपणाबद्दल तात्याचा सत्कार ठरला.

शेवटी कधीतरी तात्या फ्लेक्सवर जातो. कुण्या युवा नेत्याचा वाढदिवस असतो, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो ओळीनं लागतात. त्यात उजवीकडून तिसरा, टोपीची दोरी हनुवटीखाली, आमचा तात्या. त्याला कुणी विचारलेलं नसतं. तो चौकात उभा राहून बराच वेळ स्वतःकडं बघतो. घरी फोन करून मुलाला सांगतो, "मी बहुतेक निवडणुकीला उभा आहे."

काम? हो, कामाचं राहिलं. तात्या कामासाठीच आलेला असतो, आणि तसं त्याच्याजवळ ज्ञान असतंही. गोठ्यातल्या गाईला चोवीस तास पाणी हवं, वासराला कुठल्या तासाला चीक पाजावा, उसाला पाणी नेमकं किती लागतं, हे तो आकड्यानिशी सांगतो. शेतकरी शांतपणे ऐकतात. "बरोबर आहे साहेब," म्हणतात. तात्या वहीत नोंद करतो, 'सूचना स्वीकारली.' आठवड्यानं बघतो तर पाट भरून वाहतोय. उसाला कमी पाणी द्या, हे इंदापूर तालुक्यात सांगणं म्हणजे जावयाला कमी वाढा असं सांगण्यासारखं आहे. पाणी कधी येईल याचा भरवसा नसताना आलेलं पाणी कमी घ्यायचं, हे गणित तात्याच्या तक्त्यात बसतं, आमच्या पोटात नाही.

दुसरी गंमत अशी की समोरचा शेतकरी त्याला वाटतो तसा नसतो. बोरीकडच्या द्राक्षबागेत तात्या औषधांच्या फवारणीबद्दल चार गोष्टी सांगायला गेला. बागायतदारानं ऐकून घेतलं आणि मग युरोपात कुठल्या औषधाचा किती अंश चालतो, रॉटरडॅमला कंटेनर कधी अडकतो, तिथल्या सुपरमार्केटला मण्याचा आकार किती मिलिमीटरचा लागतो, हे सगळं एका दमात म्हणून दाखवलं. शेवटी विचारलं, "तुमच्याकडं किलोला किती घेतात ओ? आम्हाला मिळतात त्याच्या किती पट?" तात्यानं आयुष्यात द्राक्षं विकत घेतलेली होती, पण कधी भाव बघून घेतलेली नव्हती. त्या दिवशी तो गप्प गप्पच होता.

जुन्या माणसांची मोजपट्टी आणखी वेगळी. त्यांना १९६० च्या दशकाची अखेर आणि ७२ चा दुष्काळ आठवतो. कासा या ख्रिस्ती मदतसंस्थेकडून धान्य आलं, त्या धान्याच्या मोबदल्यात बारामतीच्या जिरायत पट्ट्यात लोकांनी पाझर तलाव खोदले, आणि त्याच कामातून पुढं १९७१ मध्ये ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. मिलो ज्वारी, सुकडी, तेलाचे डबे हे शब्द अजून पारावर निघतात. तर पारावरचा एक आजोबा तात्याला सरळ विचारतो, "तवाच्यांनी मिलो आणला. तुम्ही काय आणलंय?"

तात्यानं आणलेली असते एक्सेलची शीट. तो लॅपटॉप उघडतो. आजोबा स्क्रीनकडं नीट बघतात, रकाने निरखतात आणि म्हणतात, "लय बारीक काम हाय." आणि तंबाखू मळायला लागतात.

पण तात्याचं खरं दुःख हे नसतंच. त्याचं दुःख म्हणजे लोकांना त्याच्याबद्दल वाटणारी दया. ही दया चौकशीतून निर्माण होते. मुलं किती? दोन. लग्नं झाली? झाली. नातवंडं? चार. मुलगा कुठं? तिकडंच. घर मोठं आहे? आहे. मग तुम्ही इथं कसे? तात्या सांगतो, आम्हाला वाटलं म्हणून आलो. बायका एकमेकींकडं बघतात. चार नातवंडं टाकून, मोठं घर सोडून, या वयात, आपल्या पैशानं, बारामतीला? एकच अर्थ निघतो. रात्री ओट्यावर निवाडा होतो: सुनेचं पटत नसणार. दुसऱ्या दिवसापासून काकूंना भाजीच्या वाट्या जास्त यायला लागतात. एक मावशी त्यांचा हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणतात. "माझीबी तशीच हाय," म्हणतात. काकूंना एक अक्षर कळत नाही, पण त्याही मावशींच्या पाठीवरून हात फिरवतात, आणि अशा रीतीनं काकूंची बिचारी सून, जिनं त्यांना विमानतळावर सोडायला रजा काढली होती, ती आमच्या आळीत कायमची बदनाम होते.

आम्हाला हे कळत नाही असं मात्र कुणी समजू नये. आमचेही तात्या जातात की! बारामतीतून दरवर्षी किती जोडपी मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला नाहीतर मेलबर्नला जातात. बॅगेत डिंकाचे लाडू, मेतकूट, शेगडीशिवाय कसं होणार म्हणून हुरहूर. तिकडं जाऊन सहा महिने स्वयंपाक, बाळाला तेल, दुपारी खिडकीतून निर्मनुष्य रस्ता. बोलायला माणूस नाही, चालायला फुटपाथ आहे पण जायला ठिकाण नाही. तेही सेवेलाच गेलेले असतात, स्वखर्चानं. फरक इतकाच की आम्ही आपल्या रक्ताच्या माणसाची सेवा करायला जातो आणि परक्याची करायला कुणी येतो म्हटलं की त्याच्या घरचं काहीतरी बिनसलंय असं धरून चालतो. मेलबर्नला जाणारे आमचे अण्णा आणि बारामतीला येणारे हे तात्या वाटेत कुठल्यातरी विमानतळावर समोरासमोर बसत असतील, दोघांच्याही मांडीवर औषधांची पिशवी, आणि दोघंही एकमेकांकडं बघून मनात म्हणत असतील, या वयात कुठं निघालाय हा?

रुळतं कोण लवकर? काकू. नेहमी काकूच. कारण स्वयंपाकघरात खुर्ची नसते. पहिल्या पंधरवड्यात काकू कुणाच्यातरी ओट्यापाशी उभ्या राहतात, कुणीतरी त्यांच्या पुढ्यात लसणाची परडी सरकवतं, कारण पन्नास माणसांचा स्वयंपाक चालू असताना पाहुणचार करायला वेळ कुणाला आहे? लसूण सोलता सोलता काकूंना समजतं कुठल्या पोरीची शाळा सुटली, कुणाचं रक्त कमी आहे, बचतगटाचं कर्ज कुणाचा नवरा वापरतो. काकू आयुष्यभर नर्स होत्या, हे तिथंच बाहेर पडतं. मग संध्याकाळी एकेक बाई दारात येते. तात्या बाहेरच्या खोलीत अहवाल लिहीत असतो आणि आत काम चाललेलं असतं. अहवालात ते कधीच येत नाही. तात्याच्या अहवालात असतात बैठका. बैठक सकाळी नऊला. तात्या पावणेनऊला हजर. साडेनऊला फोन केला तर "निघालोच", दहाला "पोचतोय, पाच मिनिटं", साडेदहाला चहा, अकराला बैठक, आणि साडेअकराला सगळे जेवायला.

जेवणाबद्दल एवढंच सांगतो की "अजिबात तिखट नाही" या वाक्यावर तात्या पहिल्यांदा विश्वास ठेवतो, दुसऱ्यांदा ठेवत नाही आणि तिसऱ्यांदा त्याला खरंच तिखट लागत नाही. भिगवणला उजनीच्या पाण्यातली चिलापी हाताच्या बोटांनी काटे काढून खायला लागला की मनुष्य निम्मा आमचा झाला. आग्रहाचा सामना करायला त्यानं ताटावर आडवा हात धरायची युक्ती शिकून घेतली होती. वाढणाऱ्यानं भाकरी हातावर ठेवली. आता तो पहिली भाकरीच इतकी सावकाश खातो की वाढणारा कंटाळतो. ही युक्ती आमच्या जावयांनाही सुचलेली नाही.

आणखी एक गोष्ट त्याला छळायची. रात्री दोनला गल्लीतून मोटरसायकली जायच्या, बॅटरीचे उजेड हलायचे. चोर असावेत म्हणून एकदा त्यानं मालकाला उठवलं. मालक म्हणाले, "थ्री फेज आलीय. मोटार चालू करायला चाललेत." त्या आठवड्यात वीज रात्रीची होती. तात्यानं विचारलं, रात्रीच का? मालकांनी विचार केला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी इतक्या प्रामाणिकपणे विचारला नव्हता. "झोपा तात्या," ते म्हणाले. पण तात्या झोपला नाही. टोपी घालून, बॅटरी घेऊन तो मोटार चालू करायला निघालेल्या एका शेतकऱ्याबरोबर गेला. चिखलातून, विंचवाच्या भीतीनं पाय आपटत, बांधावर बसून राहिला पाणी शेवटच्या सरीला पोचेपर्यंत. तिथं खुर्ची नव्हती. पहाटे परतताना त्या शेतकऱ्यानं त्याला पहिल्यांदा 'साहेब' न म्हणता विचारलं, "तात्या, ते कमी पाण्याचं काय म्हणत होता तुम्ही?"

आषाढात पालखी येते. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीत मुक्काम करते, मग काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी आणि इंदापूर. फादर देल्युरी हे फ्रेंच जेझुइट या वारीत चालले होते आणि १९६० मध्ये त्यांनी विठोबाच्या संप्रदायावर पुस्तक लिहिलं. आमच्या तात्याला पुस्तक लिहायचं नव्हतं. त्याला फक्त काहीतरी करायचं होतं, आणि ते करायला आता कुणीतरी देईल अशी त्याला पहिल्यांदाच आशा होती. कारण त्या दिवशी सगळा गाव हेच करत असतो. कुणी चपला शिवून देतं, कुणी दाढी करून देतं, डॉक्टर फोड फोडतात, मुलं पाय दाबतात. शाळेच्या व्हरांड्यात तेलाचा डबा घेऊन तात्या बसला. खाली. फरशीवर. गुडघा कसा वाकवला ते त्यालाच माहीत.

समोर एक वारकरी आला. वय तात्याएवढंच किंवा चार वर्षं जास्त, मराठवाड्यातला कुठला तरी. पाय फुटलेले, टाचा भेगाळलेल्या. तात्यानं तेल घेतलं आणि चोळायला लागला. म्हातारा आधी लाजला, मग डोळे मिटून बसला. अर्ध्या तासानं उठायची वेळ झाली तेव्हा त्यानं वाकून तात्याच्या पायाला हात लावला. "माऊली." तात्यानं हे बघून ठेवलेलं होतं, पाया पडणाऱ्याच्या आपणही पाया पडायचं. तो वाकला. म्हातारा पुन्हा वाकला. तात्या पुन्हा. दोघांची डोकी एकमेकांवर आदळली. आणि मग दोघंही तसेच खाली अडकले, कारण दोघांचाही गुडघा आता सरळ व्हायला तयार नव्हता.

"गाव कुठलं माऊली?" खाली बसल्याबसल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

तात्यानं सांगितलं.

म्हाताऱ्यानं जरा आठवून पाहिलं. "लांबय," तो म्हणाला. "दिंडी कितव्या नंबरची तुमची?"

शेवटी काकूंनी दोघांनाही उठवलं, आधी वारकऱ्याला. नवरा घरचाच, तो थांबेल.

व्हिसा संपला की निरोपसमारंभ. त्यात काय झालं असेल ते वाचकांना माहीत आहे. शाल होती, श्रीफळ होतं. तात्याच्या बॅगेचं वजन विमानाच्या नियमात बसवायला बूट, पाण्याचा फिल्टर, छापील यादी आणि सगळे अहवाल इथंच ठेवावे लागले. गोधडी, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाची ढेप मात्र गेली. सीमाशुल्कवाल्यांनी ढेप दोन्ही बाजूंनी ठोकून पाहिली म्हणे.

आता तिकडून तक्रारी येतात. त्यांची मुलगी काकूंच्या फोनवरून शेजारच्या वहिनींशी बोलते, मध्ये वहिनींची कॉलेजातली नात दुभाषी. बाबा शेजाऱ्यांच्या घरी न सांगता जातात आणि चहाची वाट बघत बसतात. डॉक्टरला उशीर झाला तर चिडत नाहीत. रस्ता ओलांडताना गाडीला हात दाखवतात. वाटेत भेटलेल्याला "कुठं निघालात?" विचारतात, आणि कुणी त्यांना विचारलं तर "हे काय, इथंच," असं सांगून चालू पडतात. शेजारीण बाळंत झाली तेव्हा आईनं तिच्या घरी डिंकाचे लाडू पाठवले. मुलीला काळजी वाटते. वहिनींना वाटत नाही. "सून काय म्हणती?" एवढंच त्या विचारतात.

तात्याचा रोज सकाळी आमच्या ग्रुपवर मेसेज असतो. तिकडं बर्फ पडलेला असला तरी प्रश्न तोच: नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं का, आणि टेलला पाणी पोचलं का. निमगाव केतकीचा एक पानमळेवाला दर वेळी त्याला एकच उत्तर टाकतो: "नाय पोचलं. तुम्ही या, मग बघू."